कर्करोग कोणी मोजला? मुंबई, बार्शी, वसई आणि निदान करणारे यंत्र

१/ नालासोपाऱ्यात राहणाऱ्या एखाद्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला आणि विरार लोकलने दादरला उतरून ती परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊ लागली, तर देशाच्या आकडेवारीत ती कोठे मोजली जाते? प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र १९६३ सालच्या मुंबईपर्यंत मागे जावे लागते आणि मध्ये बाल्टिमोर, लीड्स व बार्शी अशी ठिकाणे लागतात. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/ वैद्यकातील संगणकाचा इतिहास सांगताना लोक बहुधा निदान करणाऱ्या यंत्रापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती सुरुवात चुकीच्या टोकाची आहे. यंत्र आधी मोजायला शिकले, निदान करायला पुष्कळ नंतर. आणि मोजायला शिकले तेही मृतांच्या नोंदींवर.

३/ हर्मन हॉलरिथ हे नाव आपल्याला अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेमुळे ठाऊक असते. भोके पाडलेली कार्डे आणि ती मोजणारे विद्युतयंत्र त्याने तयार केले. या कल्पनेकडे त्याचे लक्ष वेधणारा माणूस होता जॉन शॉ बिलिंग्ज, सैन्यातील एक डॉक्टर आणि वैद्यकीय ग्रंथालयाचा संघटक. जनगणनेपूर्वी यंत्राची कसोटी झाली ती बाल्टिमोर शहराच्या आरोग्य खात्यातील मृत्युनोंदींवर. म्हणजे गणकयंत्राचे पहिले खरे काम वैद्यकीयच होते.

४/ त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते? मुंबई नगरपालिकेकडे मृत्युनोंदणी होती, आठवड्याचे आकडे छापले जात होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. त्या काळाचे आकडे पाहिले की एक विसंगती ठळक दिसते: प्लेगने मेले म्हणून नोंदलेल्या माणसांपेक्षा एकूण मृत्यूंतील वाढ कितीतरी मोठी आहे. विलगीकरणाच्या छावणीची आणि घरझडतीची भीती होती. मग मृत्यूचे कारण ‘ताप’ असे सांगितले जाई.

५/ हे ध्यानात ठेवावे. आजाराची नोंद हा केवळ वैद्यकीय प्रकार नसतो. नोंद झाल्याने आपले काय होईल, याचा हिशेब माणूस आधी करतो. कर्करोगाच्या बाबतीत हा हिशेब आजही संपलेला नाही. कित्येक घरांत त्या आजाराचे नावसुद्धा घेतले जात नाही.

६/ आता परळ. टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तेथे विकृतिशास्त्र विभाग उभा केला डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. त्यांना एक गोष्ट सतावत होती: आपल्याकडे येणारे कर्करोग विलायती पुस्तकांतल्यासारखे का नाहीत? तोंडाचा, घशाचा कर्करोग इतका अधिक का? धोतराच्या गाठीखाली, कमरेच्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णनही त्यांच्याच गटाने केले.

७/ १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखू चघळणे व ओढणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागाचा कर्करोग यांच्या संबंधावरचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. हे सर्व काम रुग्णालयात आलेल्या माणसांवर आधारलेले होते. त्याचे मोल मोठे, पण त्यात एक मर्यादा होती आणि ती त्या पिढीला नीट कळत होती.

८/ मर्यादा अशी: रुग्णालयाला अंश माहीत असतो, छेद माहीत नसतो. टाटामध्ये शंभर रुग्णांपैकी समजा चाळीस तोंडाच्या कर्करोगाचे आले. याचा अर्थ शहरात तो आजार जास्त आहे की त्या आजाराचे लोक टाटाकडे जास्त पाठवले जातात? केसपेपर कितीही काटेकोर ठेवला तरी एवढ्यावरून हे कळत नाही. त्यासाठी ठरावीक हद्दीतला प्रत्येक रुग्ण मोजावा लागतो आणि त्या हद्दीची लोकसंख्या ठाऊक असावी लागते.

९/ भारतात हे पहिल्यांदा झाले मुंबईत. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीने जून १९६३ मध्ये ‘बॉम्बे कॅन्सर रजिस्ट्री’ सुरू केली. पुढाकार टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. डी. जे. जस्सावाला यांचा. देशातील ही पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी.

१०/ त्या काळी कर्करोगाची नोंद सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक नव्हते. त्यामुळे नोंदी आपोआप येऊन पडत नसत. रजिस्ट्रीची माणसे स्वतः रुग्णालयोरुग्णालयी जात, वॉर्डात रुग्णांशी बोलत, विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील वह्या चाळत, क्ष-किरण विभागाची रजिस्टरे पाहत. शिवाय महापालिकेकडील मृत्युनोंदी. ज्याच्या दाखल्यावर कर्करोग लिहिला आहे पण जो कोणत्याही रुग्णालयाच्या यादीत सापडत नाही, असा माणूस कोण होता, याचा माग काढायचा.

११/ माग लागलाच नाही तर ती नोंद ‘केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून’ या सदरात जाते. जगभरच्या नोंदण्यांचा दर्जा तपासताना हे सदर पाहतात. ते फुगलेले असेल तर समजावे की जिवंतपणी बरेच रुग्ण निसटत आहेत. मला स्वतःला ही फार प्रामाणिक योजना वाटते. आपल्या अज्ञानाचा आकडा त्याच तक्त्यात छापायचा!

१२/ आता संगणकाकडे येऊ. अठरा वयोगट, दोन लिंगे आणि शरीराची साठ-एक स्थाने धरली तरी दोन हजारांहून अधिक चौकटी होतात. त्यावर धर्म, भाषा, वर्ष अशी विभागणी आली की हाताने हिशेब करणे म्हणजे महिनोन्महिने रेघोट्या ओढणे. म्हणून अशा नोंदण्यांची जगभरची रीत ठरली: प्रत्येक गोष्टीला अंकी संकेत द्यायचा, तो कार्डावर भोकांनी उतरवायचा आणि कार्डे यंत्राने वेगळी करून मोजायची. हॉलरिथचीच युक्ती, सत्तर वर्षांनंतर.

१३/ मुंबई त्या दशकात संगणकांच्या बाबतीत देशात आघाडीवर होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले यंत्र १९६० मध्ये कामाला लागले. १९६२ साली नेहरूंनी त्याचे नाव ‘टिफ्रॅक’ ठेवले. १९६४ मध्ये तेथेच अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० आला. आणखी एक योगायोग: टाटा मेमोरियल रुग्णालयाचा कारभार १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे आला. कर्करोगाचे रुग्णालय आणि देशातला पहिल्या पिढीचा संगणक, दोन्ही एकाच खात्याच्या छत्राखाली. किरणोपचारांमुळे ही सोयरीक जमली.

१४/ पण संगणकाला सर्वांत अवघड गेलेले काम गणिताचे नव्हते. ते होते नावांचे. एकच रुग्ण तीन रुग्णालयांत जातो. एकदा प्रसूतिगृहातून माहेरच्या नावाने, एकदा सासरच्या नावाने, एकदा इंग्रजीत आद्याक्षरांनी. तीन नोंदी झाल्या तर आकडा फुगतो. दोन वेगळी माणसे एक समजली गेली तर आकडा खाली येतो.

१५/ येथे वसईकरांना मजा वाटेल. इंग्रजी नावांतला उच्चारसारखेपणा ओळखण्यासाठी रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकनाने १९१८ साली ‘साउंडेक्स’ पद्धतीचे पेटंट घेतले. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना अंक द्यायचे, पहिले तीन अंक घ्यायचे. गोन्साल्विस घ्या. इंग्रजीत ते कोणी ‘जी’नंतर ‘ओ’ घालून लिहितो, कोणी मध्ये ‘एच’ घालून ‘घोन्साल्विस’ करतो. साउंडेक्समध्ये दोघांचा संकेत एकच येतो: जी-५२४. लोपिसच्या शेवटी ‘एस’ असो वा ‘झेड’, संकेत एल-१२० च. डिसोजा तर जोडून लिहा, तोडून लिहा, डी-२२०.

१६/ म्हणजे आपले पोर्तुगीज वळणाचे ख्रिस्ती आडनाव यंत्राला सहज पचते. आता वर्तक घ्या. अस्सल मराठी आडनाव. इंग्रजीत एक कारकून ते ‘व्ही’ने लिहितो, दुसरा ‘डब्ल्यू’ने. पहिले अक्षर तसेच ठेवण्याचा नियम असल्यामुळे एक संकेत व्ही-६३२ आणि दुसरा डब्ल्यू-६३२. यंत्राच्या लेखी ही दोन निराळी घराणी! वझ्यांचेही तेच. परक्या लिपीसाठी केलेली युक्ती आपल्या ‘व’पाशी येऊन अडते.

१७/ आणि पाटील? संकेत अगदी बरोबर जुळेल, पण आगाशीपासून वाड्यापर्यंत पाटील किती! यावरचा तोडगा कॅनडातील हॉवर्ड न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली ‘सायन्स’मध्ये मांडला. त्यांचे तत्त्व असे की विरळ नाव जुळले तर त्याला जास्त वजन द्यावे, सर्रास आढळणारे नाव जुळले तर कमी. गावचा अनुभवी तलाठी हे मनातल्या मनात करतो. न्यूकोमने ते यंत्राला सांगता येईल असे लिहिले. जाता जाता, न्यूकोमही कॅनडाच्या अणुऊर्जा संस्थेतच कामाला होता.

१८/ मुंबईच्या नोंदणीतून काय निघाले? पहिल्या वर्षांचे आकडे आंतरराष्ट्रीय ग्रंथमालेच्या १९७० च्या दुसऱ्या खंडात जगातील इतर नोंदण्यांच्या शेजारी छापले गेले. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग ठळकपणे अधिक, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा, हे शहराच्या लोकसंख्येच्या प्रमाणात दाखवता आले. जस्सावाला आणि देशपांडे यांनी १९७१ मध्ये तंबाखू चघळणारे व ओढणारे यांच्यातील धोक्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. खानोलकरांना जे दिसत होते त्याला आता छेद मिळाला.

१९/ आणि येथेच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. छेद हवा तर हद्द हवी. बृहन्मुंबईची हद्द १९५७ च्या विस्तारात दहिसर व मुलुंडपर्यंत आली होती. रजिस्ट्रीने तीच धरली. नियमही स्पष्ट: निदानाच्या वेळी किमान एक वर्ष त्या हद्दीत राहणाराच मोजायचा. बाहेरगावचा रुग्ण मोजला तर मुंबईचा दर खोटा वाढतो, म्हणून तो वगळायचा. शास्त्रीयदृष्ट्या हे पूर्ण योग्य आहे.

२०/ परिणाम मात्र असा की दहिसरची बाई आकड्यात, खाडीपलीकडची नायगावची बाई आकड्याबाहेर. दोघी एकाच बाकावर बसून केसपेपर काढतील. रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदवहीत दोघी असतील. पण ‘दर लाख स्त्रियांमागे किती’ या वाक्यात एकच असेल. १९६३ मध्ये वसई तालुका म्हणजे भातशेती, केळी, पानवेली आणि मिठागरे. तेव्हा हे फारसे कोणाला खुपले नसेल. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर निघाली, २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. हद्द मात्र दहिसरलाच.

२१/ राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा २०२० चा अहवाल काढून पाहावा. देशभरातल्या २८ लोकसंख्याधारित नोंदण्यांची माहिती त्यात आहे. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी. पालघरचा तक्ता नाही. ठाण्याचाही नाही.

२२/ यादीतले शेवटचे नाव वाचून कोणी थांबले असेल. पुणे-नागपूर ठीक, बार्शी कशी? ही या धाग्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट, म्हणून थोडा वेळ घेतो.

२३/ १९८० च्या दशकापर्यंत भारतातल्या नोंदण्या शहरांपुरत्या होत्या. खेड्यात रुग्णालय नाही, विकृतिशास्त्रज्ञ नाही, मृत्यूच्या दाखल्यावर कारण नाही. मग मोजणार काय? १९८७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कार्यक्रमातून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. क्षेत्र: बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे. डॉ. बी. एम. नेने आणि टाटामधील डॉ. कस्तुरी जयंत ही त्यातील महत्त्वाची नावे.

२४/ मुंबईची रीत येथे चालणार नव्हती. मुंबईत कार्यकर्ता रुग्णालयाकडे जात होता, कारण रुग्ण शेवटी रुग्णालयात पोहोचतच असे. येथे रुग्ण पोहोचतच नव्हता. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव फिरू लागले. सभा घ्यायच्या, कर्करोगाची लक्षणे सांगायची, अंगावरून अवेळी रक्त जाणे, तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ. कोणाला असे काही असेल तर विचारायचे आणि तपासणीसाठी बार्शीला आणायचे.

२५/ आता गंमत पाहा. मोजण्यासाठी बोलावे लागले आणि बोलल्यामुळे मोजली जाणारी गोष्टच बदलली. बायका लवकर येऊ लागल्या. जयंत, नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये दाखवले की या भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा अलीकडच्या टप्प्यावर होऊ लागले होते. कोणतेही नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. नोंदणीच्या वहीने हे केले. संगणकाच्या इतिहासात अशा प्रसंगांना कोणी जागा देत नाही, हे मला खटकते.

२६/ बार्शीच्या तक्त्यांत स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा सर्वांत वर होता. म्हणून १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, चौथ्याची नेहमीचीच व्यवस्था. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे काम.

२७/ आठ वर्षांनंतरचा निकाल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे. हा निष्कर्ष निघाला कसा? गावे विखुरलेली, बायका लग्न होऊन इकडून तिकडे, कोण वारली आणि कशाने, हे कळायला त्या मुलखात आधीपासून रुजलेली नोंदणी हवी होती. ती होती, म्हणून हे जमले.

२८/ याची दुसरी बाजू लपवू नये. भारतात झालेल्या अशा चाचण्यांवर नैतिक आक्षेप घेतले गेले: तपासणीचा उपयोग जगात आधीच सिद्ध असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे योग्य का? संशोधकांचे उत्तर असे की या भागात तेव्हा कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती आणि त्या गटाला आरोग्यशिक्षण दिले गेले होते. मला हे उत्तर अर्धेच पटते. तुलनेच्या गटातले ते ६४ मृत्यू हा आकडा आज जगभर वापरला जातो आणि त्या ६४ जणींना या ज्ञानाचा काहीही लाभ झाला नाही.

२९/ आता निदानयंत्राकडे वळू. १९५९ साली, न्यूकोमचा लेख आला त्याच वर्षी, त्याच ‘सायन्स’मध्ये, रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी डॉक्टरच्या निदानामागचे तर्कशास्त्र मांडले. लक्षण दिसले की आजाराची शक्यता किती वाढते, याचे बेजच्या सूत्राने गणित करता येईल, असे त्यांचे म्हणणे. एकाच वर्षी नोंदी जुळवणे आणि निदान करणे, दोन्ही वाटा फुटल्या.

३०/ १९७२ मध्ये लीड्सला द डोम्बाल आणि सहकाऱ्यांनी ते करून दाखवले. अचानक पोटदुखी घेऊन आलेले ३०४ रुग्ण. संगणकाचे निदान ९१.८ टक्के बरोबर, ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के. खळबळ उडाली. मग तीच प्रणाली लीड्समधील आकड्यांसह कोपनहेगनला नेली, तेव्हा तिची अचूकता बरीच घसरली. यंत्र तेच, सूत्र तेच.

३१/ असे का होते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एक यंत्र शंभर आजाऱ्यांपैकी नव्वद ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी दहांवर चुकून बोट ठेवते. मोठ्या रुग्णालयात हजारांमागे ३०० खरे आजारी आहेत: यंत्र २७० खरे आणि ७० खोटे दाखवील. तिघांवर बोट ठेवले तर दोघांहून अधिक खरेच आजारी. आता तेच यंत्र अशा वस्तीत न्या जेथे हजारांमागे फक्त १० आजारी आहेत. ते ९ खरे दाखवील आणि ९९ खोटे. बारांवर बोट, एक खरा.

३२/ यंत्र बिघडलेले नाही. बदलला तो मूळ दर, म्हणजे छेदावर उभा राहिलेला आकडा. आणि हा दर यंत्राच्या पोटात नसतो, तो रजिस्ट्रीच्या तक्त्यात असतो. निदानयंत्र आणि नोंदवही यांची गाठ येथे पडते, म्हणून हा धागा यंत्राऐवजी वहीपासून सुरू करावा लागला.

३३/ स्टॅनफर्डची ‘मायसिन’ वगैरे नियमांवर चालणारी यंत्रे येथे सोडून देतो. तिचा नाव मोठे झाले तरी रुग्णालयात नित्य वापर कधी झाला नाही. अलीकडची यंत्रे नियम शिकत नाहीत, प्रतिमा शिकतात. मुंबईची ‘क्युअर डॉट एआय’ ही कंपनी २०१६ मधली. तिच्या चमूने २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मेंदूच्या सीटी स्कॅनवरचा अभ्यास छापला तो भारतातील सुमारे वीस केंद्रांतल्या ३,१३,३१८ स्कॅनवर आधारलेला होता. २०२१ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत क्षयाच्या प्राथमिक चाळणीसाठी छातीचा क्ष-किरण संगणकाने वाचण्यास मान्यता दिली.

३४/ क्षयाच्या बाबतीत निदान मोजणीची बाजूही पुढे सरकली. मे २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद कळवणे देशभर बंधनकारक झाले आणि त्याच वर्षी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदणी आली. तिच्यात विरारचा रुग्ण विरारचा म्हणूनच लागतो. कर्करोगात वसईकराला अजून असा स्वतःचा छेद नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये आरोग्यनोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र आहे, २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे आरोग्य खाते क्रमांक निघत आहेत. चौदा आकडी क्रमांक असला की ‘व्ही’चा वर्तक की ‘डब्ल्यू’चा, हा प्रश्न उरत नाही. पण क्रमांक हा अंश नीट करतो. कोणत्या हद्दीतली सगळी माणसे मोजायची, हे कोणीतरी ठरवून त्यासाठी बार्शीसारखी पायपीट करावी लागते.

३५/ तेव्हा नालासोपाऱ्याच्या त्या बाईचे उत्तर: टाटाच्या रुग्णालयीन नोंदवहीत ती आहे, मुंबईच्या दरात नाही आणि पालघरच्या दरातही नाही, कारण तो दर काढणारा तक्ताच २०२० च्या अहवालात नाही. तिच्यासाठी उद्या एखादे यंत्र वसईच्या दवाखान्यात बसवले गेले, तर त्याला मूळ दर बहुधा मुंबईचा दिला जाईल. जव्हार-मोखाड्याच्या बाईलाही तोच लावला जाईल का, हे विचारायला हवे.

३६/ शेवटी एक विनंती. १९६० आणि ७० च्या दशकांत मुंबईतल्या कोणत्याही रुग्णालयात, प्रयोगशाळेत किंवा कचेरीत वैद्यकीय नोंदींची पंच कार्डे पाडण्याचे काम केलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत असतील. वसई-विरारमधून रोज लोकलने त्या नोकऱ्यांना जाणारे तर नक्कीच असतील. आपल्या घरात, पाड्यात, चर्चच्या ओळखीत असे कोणी असल्यास त्यांच्या आठवणी खाली लिहाव्यात. संकेतांची वही कशी दिसे, चुकलेले कार्ड कोण तपासे, दिवसाला किती कार्डे होत, बायका या कामात किती होत्या. पुढच्या धाग्यात मृत्यूच्या दाखल्यावरील ‘कारण’ या रकान्याचा इतिहास घेणार आहे.